पिशवीतलं मांजर आणि तोंडातला तीळ

तुझा निरोप काल रात्री वाचला आणि उत्तर दोन ओळींत द्यायचं नाही असं ठरवलं. तुझा प्रश्न आधी एकदा नीट मांडून ठेवते, म्हणजे पुढे बोलताना सुटायचा नाही. हिंजवडीत तू ज्या टीमबरोबर काम करतेस, तिला लंडनच्या क्लायंटचा ईमेल आला. नव्या उत्पादनाचं नाव १४ तारखेला जाहीर होणार आहे, तोवर ‘प्लीज डोन्ट लेट द कॅट आऊट ऑफ द बॅग’. टीममधल्या काही मुलांना हे मांजर कुठून आलं ते कळेना, म्हणून तू व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मराठीत लिहिलंस, ‘१४ तारखेआधी कोणीही बिंग फोडू नका.’ त्यावर तुमच्या साहेबांनी फोन करून विचारलं, ‘आपण असं काय केलंय, की ज्याचं बिंग फुटेल?’ तू कोशात पाहून लिहिलं होतंस, तरी ऐकून घ्यावं लागलं. आता तुला जाणून घ्यायचंय की चुकलं कुठे, ‘स्पिल द बीन्स’ (शब्दशः दाणे सांडणं) म्हणजे हेच का, आणि क्लायंटला उत्तर लिहिताना आपणही हे मांजर वापरावं का.

अर्थ तुला माहीत आहेच. गुप्त ठेवायची गोष्ट बाहेर पडणं. पण या वाक्प्रचाराचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. तो वापरणारा इंग्रज आणखी तीन गोष्टी न बोलता सांगत असतो. गोष्ट बहुधा अनवधानाने बाहेर पडली, बोलता बोलता. एकदा पडली की परत आत जात नाही. पिशवीतून सुटलेलं मांजर धरून पुन्हा पिशवीत घालून बघावं, म्हणजे कळेल. आणि जी गोष्ट लपवली होती ती वाईट असेलच असं नाही. वाढदिवसाची गुपचूप आखलेली मेजवानी, कोणाला दिवस गेल्याची बातमी, कोणाची बढती, नव्या गाडीचं नाव, अशा निष्पाप गोष्टींसाठीच हे मांजर जास्त वेळा बाहेर येतं.

‘बिंग’ या शब्दात ही निष्पाप बाजू नाही. बिंग फुटतं ते लबाडीचं. खोटी जन्मतारीख लावणाऱ्याचं, दोन ठिकाणी लग्नं जमवणाऱ्याचं, दुधात पाणी घालणाऱ्याचं. आईने मुलासाठी सायकल आणून शेजाऱ्यांकडे लपवून ठेवली आणि धाकट्या बहिणीने ती बातमी दादाला सांगितली, तर कोणी ‘आईचं बिंग फुटलं’ म्हणत नाही. म्हणजे तुमच्या साहेबांचा कान बरोबर होता. तू लिहिलेलं वाक्य मराठी म्हणून शुद्ध होतं, पण त्याने क्लायंटवर एक आरोप ठेवला, जो मूळ वाक्यात कुठेच नव्हता.

याबाबत मी एवढ्या आग्रहाने बोलते आहे, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे आणि तिची किंमत दुसऱ्या माणसाने मोजली. वर्तमानपत्राच्या रात्रपाळीतली आठ वर्षं संपवून मी तेव्हा नुकतीच कायदेशीर कागदपत्रांचे अनुवाद करू लागले होते. शहराबाहेरच्या एका कारखान्यात अंतर्गत चौकशी चालली होती. कारखान्याचा एक विभाग दुसऱ्या राज्यात हलवायचं व्यवस्थापनाच्या मनात होतं, अजून जाहीर केलं नव्हतं, आणि एका पर्यवेक्षकाकडून ते कामगारांना कळलं होतं. चौकशीत पुरावा म्हणून एक इंग्रजी ईमेल ठेवला होता. त्यातलं वाक्य असं, की चहाच्या सुट्टीत या गृहस्थांनी ‘लेट द कॅट आऊट ऑफ द बॅग’. त्या माणसाने कागद मराठीत मागितले, तो त्याचा हक्कच होता, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘चहाच्या सुट्टीत त्यांनी बिंग फोडले.’

पाच शब्द. कामगारांच्या प्रतिनिधींनी ते वाचलं आणि म्हणाले, म्हणजे कंपनीचं बिंग होतं हे कंपनीच कबूल करते. व्यवस्थापनाच्या माणसांनी वाचलं आणि म्हणाले, ‘फोडले’ म्हणजे मुद्दाम फोडले, हा तर सरळ विश्वासघात झाला. मूळ ईमेल लिहिणाऱ्याच्या मनात दोन्ही नव्हतं. त्याला एवढंच म्हणायचं होतं की हा भला माणूस चहा पिताना बोलून बसला. आठवड्याने वकिलांनी मला फोन करून विचारलं, ‘बाई, मूळ इंग्रजीत मुद्दाम हा अर्थ आहे का हो?’ मी कागद पुन्हा काढला आणि पोटात खड्डा पडला. त्याच संध्याकाळी दुरुस्ती लिहून दिली, ‘बोलता बोलता त्यांच्या तोंडून ती गोष्ट बाहेर पडली’, आणि आधीचं भाषांतर माझ्या चुकीमुळे सदोष होतं असं सही करून दिलं. कागद बदलला. पण मधल्या आठ दिवसांत त्या माणसाला सहकाऱ्यांकडून आणि घरी जे ऐकून घ्यावं लागलं, ते कोणत्या दुरुस्तीने पुसणार?

पुण्यात राहणाऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. शनिवारवाड्यावर ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि परंपरेने सांगितलं जातं की मूळ चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं कोणीतरी ‘मारावे’ केलं. कथेतला प्रत्येक तपशील खरा असो-नसो, ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्यातून आपल्याला मिळाला. तिथे ते मुद्दाम केलं असं कथा सांगते. माझ्याकडून ते निष्काळजीपणे झालं. पण ज्याच्या नावावर शब्द पडतो, त्याला या फरकाचा काय उपयोग?

त्या दिवसापासून मी वाक्प्रचाराला वाक्प्रचार शोधणं सोडलं. आपल्याला शाळेपासून सवय लागलेली असते की डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे मराठी म्हण, मध्ये रेघ. मांजर पाहिलं की आपण मराठीतलं दुसरं एखादं जनावर, निदान एखादं भांडं शोधू लागतो. या बाबतीत मराठीचं खरं बळ जनावरात नाही, भांड्यातही नाही. ते क्रियापदाच्या शेपटाला जोडलेल्या छोट्या क्रियापदात आहे. ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघ. ‘ती सांगून बसली.’ ‘तिने सांगून टाकलं.’ ‘ती बोलून गेली.’ सांगण्याची क्रिया तिन्हीकडे तीच. पण ‘बसली’ म्हटलं की चूक झाली आणि आता पस्तावा आहे. ‘टाकलं’ म्हटलं की ठरवून केलं आणि मन मोकळं झालं. ‘गेली’ म्हटलं की बोलण्याच्या ओघात निसटलं, तिला पत्ताही नसेल. हा फरक आपल्या आज्ज्यांना व्याकरणाचं पुस्तक न उघडता येत होता.

दुसरं असं, की अनवधान दाखवायला मराठीत कर्ता मागे घेता येतो. आपण ‘मी कप फोडला’ म्हणत नाही, ‘माझ्या हातून कप फुटला’ म्हणतो. तसंच ‘माझ्या तोंडून निघून गेलं’, ‘माझ्याकडून बोललं गेलं’. फोडणं आणि फुटणं या जोडीत आपल्या भाषेने हेतू आणि अपघात वेगळे करून ठेवले आहेत. माझ्या त्या जुन्या वाक्यात मी बिंग वापरलं ही एक चूक, आणि ‘फुटलं’ न लिहिता ‘फोडलं’ लिहिलं ही त्याहून मोठी.

आता इंग्रजीकडे वळते, कारण हाच फरक तिथे मांजर आणि बीन्स यांच्यात आहे. ‘स्पिल द बीन्स’ आणि ‘लेट द कॅट आऊट ऑफ द बॅग’ पुष्कळ कोश एकमेकांसमोर ठेवतात, आणि पुष्कळ जागी ते एकमेकांच्या बदल्यात चालतातही. पण एक कसोटी लावून बघ. इंग्रजीत मैत्रिणीला ‘कम ऑन, स्पिल द बीन्स!’ असं आग्रहाने म्हणता येतं. काल त्याला भेटलीस ना, मग सांग की सगळं! हाच आग्रह मांजराने करून बघ. ‘कम ऑन, लेट द कॅट आऊट ऑफ द बॅग!’ कानाला खटकतं. बोलणारा क्वचित गंमत म्हणून म्हणेल, एरवी नाही. कारण अनवधानाने होणाऱ्या गोष्टीची आज्ञा देता येत नाही. आणि आता मराठीत बघ. ‘सांगून टाक!’ ही आज्ञा रोजची आहे. ‘सांगून बस!’ अशी आज्ञा या अर्थाने होतच नाही. दोन भाषांनी, एकमेकींशी न बोलता, तीच रेघ त्याच जागी ओढली आहे. माझ्या वर्गात हे दाखवताना मला अजूनही तेवढाच आनंद होतो.

म्हणून माझा कामापुरता ठोकताळा असा. मांजर असेल तर आधी ‘बोलून बसला’, ‘बोलून गेली’, ‘तोंडून निघालं’ लावून बघायचं. बीन्स असतील तर ‘सांगून टाकलं’. बीन्स दबावाखाली सांडले असतील, म्हणजे पोलिसांपुढे किंवा वरिष्ठांपुढे, तर ‘घडाघडा बोलला’, आणि बोलीभाषेत ‘सगळं ओकला’. ठोकताळा दर वेळी बरोबर येत नाही. मुद्दाम सोडलेली मांजरंही इंग्रजी बातम्यांत भेटतात. तिथे मागचापुढचा परिच्छेद वाचून ठरवायचं.

बीन्सबद्दल भाषाशास्त्रातली एक गोष्ट तुला आवडेल. जेफ्री नूनबर्ग, आयव्हन सॅग आणि टॉमस वॉसो या तिघांनी १९९४ साली वाक्प्रचारांवर एक लेख लिहिला, आणि तेव्हापासून ‘स्पिल द बीन्स’ हे या अभ्यासातलं आवडतं उदाहरण होऊन बसलं. मुद्दा असा की काही वाक्प्रचारांचे तुकडे पाडले तरी प्रत्येक तुकड्याला अर्थ राहतो. ‘स्पिल’ म्हणजे उघड करणं, ‘बीन्स’ म्हणजे गुपितं. म्हणून ‘द बीन्स वर स्पिल्ड’ असं कर्मणी वाक्यही चालतं. मरण्याच्या अर्थाने येणाऱ्या ‘किक द बकेट’चं तसं करता येत नाही. मराठीत हीच तुलना ‘गुपित फोडलं’ आणि ‘राम म्हटला’ यांच्यात होते. ‘गुपित फोडलं गेलं’ हे ठीक. ‘त्याच्याकडून राम म्हटला गेला’ असं लिहिलंस, तर तो मेला नाही, त्याने नामस्मरण केलं. कोणता वाक्प्रचार वाकवता येतो आणि कोणता जसाच्या तसा ठेवावा लागतो, हे लिहिताना सारखं उपयोगी पडतं.

हे सगळं आलं कुठून, असं तुझ्या टीममधल्या मुलाने विचारलं होतं. मांजराची लोकप्रिय कथा बाजाराची आहे. डुकराचं पिल्लू म्हणून पिशवीत मांजर बांधून विकायचं, गिऱ्हाइकाने घरी जाऊन पिशवी सोडली की लबाडी बाहेर. युरोपातल्या भाषा या चित्राला पुष्टी देतात असं वाटतं. जर्मन, डच, फ्रेंच या तिन्हींत ‘पिशवीतलं मांजर विकत घेणं’ म्हणजे माल न बघता घेणं. इंग्रजीत त्याच जागी पिशवीतलं डुक्कर आहे, आणि जर्मनमध्ये गुपित सांगायलाही मांजरच पिशवीतून सोडतात. तरी मला ही कथा पूर्ण पटत नाही. डुकराचं पिल्लू आणि मांजर यांच्या वजनात, आवाजात केवढा फरक! मंडईत भाजी घेणारा माणूस जुडी हातात घेऊन वास घेतल्याशिवाय पैसे देत नाही, मग तो शेतकरी काय एवढा भोळा होता? शिवाय इंग्रजीत हा वाक्प्रचार लिखित स्वरूपात भेटतो तो १७६० सालच्या लंडन मॅगझिनमध्ये, एका पुस्तकाच्या परीक्षणात, आणि तिथे बाजाराचा, फसवणुकीचा मागमूस नाही. बहुधा पिशवीत कोंबलेलं, सुटायला धडपडणारं मांजर हे चित्रच पुरेसं होतं. दुसरी कथा जहाजांवरच्या नऊ शेपटांच्या चाबकाची, ज्याला ‘कॅट’ म्हणत आणि जो पिशवीत ठेवत. ती सोडून दे. फटके सगळ्या खलाशांसमोर, जाहीरपणे मारले जात. त्यात गुपित कसलं?

बीन्सची कथा अथेन्सची सांगतात. मतदानाला काळे-पांढरे दाणे वापरत, मडकं लवंडलं आणि निकाल आधीच कळला. अथेन्समध्ये काही पदांवरची माणसं दाणे काढून निवडत हे खरं आहे. पण हा वाक्प्रचार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत दिसू लागला, आणि तोही आधी ‘बेत उधळणं’ अशा अर्थाने, शर्यती आणि निवडणुकांच्या बातम्यांत. मधल्या दोन हजारांहून जास्त वर्षांत मडकं कुठे होतं, हे कोणी सांगत नाही. ‘स्पिल’ हे क्रियापद मात्र ‘उघड करणं’ या अर्थाने इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे. दाणे नंतर आले, सांडणं आधीपासून होतं.

दाण्यांवरून आपला तीळ आठवतो. ‘तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.’ केवढं नेमकं निरीक्षण आहे! तीळ भिजायला वेळ तो किती लागणार, आणि तेवढा वेळही तोंड मिटलेलं राहत नाही. पण तो तीळ बीन्सच्या जागी टाकू नकोस. इंग्रजीतले दाणे एका प्रसंगाबद्दल बोलतात, तो त्या दिवशी बोलला. आपला तीळ माणसाच्या स्वभावाबद्दल बोलतो, तिला कधीच काही सांगायची सोय नाही. एखाद्याकडून एकदा चूक झाली आणि अनुवादात तू लिहिलंस की त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तर त्याला कायमचं चोंबडं ठरवलंस. दाते-कर्व्यांनी पुण्यात १९४०च्या दशकात वाक्संप्रदायांचा कोश काढला. त्याची पानं चाळायची सवय लाव. तिथे आपल्या बोलण्यातल्या अशा छटा शेजारीशेजारी बसलेल्या दिसतात आणि डोळे उघडतात.

‘पितळ उघडं पडणं’ही वेगळं. वरचा मुलामा गेला आणि खालचा हलका धातू दिसला, म्हणजे ढोंग कळलं. कोणी सांगितलंच पाहिजे असं नाही, आपोआपही पडतं. ‘गौप्यस्फोट’ हा वर्तमानपत्री शब्द, मुद्दाम, जाहीर आणि मोठ्या गोष्टीसाठी. आमच्या डेस्कवर तो इतका स्वस्त झाला होता की नटीच्या आवडत्या भाजीचाही गौप्यस्फोट व्हायचा, आणि त्याविरुद्ध मी तेव्हा भांडले आहे. ‘वाच्यता करणं’ सभ्य आणि कार्यालयीन. माझा सगळ्यात आवडता शब्द ‘षट्कर्णी होणं’. सहा कानांवर गेलं की मसलत फुटते, चार कानांत टिकते, असं संस्कृत सुभाषित आहे. त्यात दोष कोणाला दिलेला नाही, फक्त कान मोजले आहेत. इंग्रजी ‘द कॅट इज आऊट ऑफ द बॅग’ हे जेव्हा कोणावर बोट न ठेवता येतं, तेव्हा ‘गोष्ट षट्कर्णी झाली’ हे त्याला फार सुंदर बसतं. पण तुमच्या ग्रुपवरच्या पंचविशीतल्या मुलांना कळेल का, हे तू बघ.

एका जागी मात्र मांजरही नको आणि बीन्सही नकोत. हे पुण्याच्याच इतिहासातून सांगते. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगच्या बंदोबस्तावरच्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली, ‘गोंद्या आला रे’ ही त्यांची खुणेची हाक. सरकारने २०,००० रुपयांचं इनाम लावलं आणि द्रविड बंधूंनी खबर दिली. दामोदर चापेकरांना १८९८च्या एप्रिलमध्ये फाशी झाली, आणि फेब्रुवारी १८९९मध्ये द्रविड बंधूंचा वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी वध केला. माझ्या एका विद्यार्थ्याने या प्रसंगाचं इंग्रजी करताना द्रविडांनी ‘लेट द कॅट आऊट ऑफ द बॅग’ असं लिहिलं होतं. गोष्ट उघड झाली हे खरं, पण हा शब्द तिथे वाचवत नाही. पैसे घेऊन माणसं दिली, त्याला इंग्रजीत ‘इन्फॉर्म्ड ऑन’ किंवा ‘बिट्रेड’ म्हणावं लागतं, आणि मराठीत फितुरी. ज्या गुपितावर कोणाचा जीव टांगला आहे, तिथे मांजर आणणं क्रूरपणाचं होतं. आणि उलट बाजूला, संस्थेतला भ्रष्टाचार लोकहितासाठी उघड करणाऱ्याला मराठी वर्तमानपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द दिला. गावाची रात्रीची राखण करणारा तो जागल्या. इंग्रजी ‘व्हिसलब्लोअर’ला, ज्याच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०१४ साली कायदा संमत झाला, यापेक्षा चांगला शब्द कोणी घडवून काढला नसता. असा माणूस काही सांडतही नाही आणि काही सुटूही देत नाही, तो हाक मारतो. त्याला बीन्स लावलेस तर त्याच्या धैर्याची गप्पाष्टकात जमा होते.

हल्ली मुली ‘स्पिल द टी’ म्हणतात. तो टी म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या बोलीतून आलेला, आणि बहुधा ‘ट्रुथ’मधला टी. अर्थ ताज्या गप्पा, कोणाच्या तरी भानगडी. ऑफिसच्या ईमेलमध्ये नको.

व्याकरण पटकन सांगते. ‘लेट’ची तिन्ही रूपं सारखीच, ‘लेटेड’ असं काही नाही. काल झालं तरी ‘शी लेट द कॅट’, रोज होत असेल तर ‘शी लेट्स’. दोन्ही ठिकाणी ‘द’ हवंच. ‘अ कॅट’ म्हटलंस तर ऐकणारा खरं मांजर शोधेल. कशाबद्दल ते सांगायला पुढे ‘अबाउट’ लावायचं. बीन्सना कोणाला सांगितलं तेही जोडता येतं, ‘टु’ लावून. ‘स्पिल्ड’ आणि ‘स्पिल्ट’ दोन्ही बरोबर, अमेरिकेत पहिलं चालतं, ब्रिटनमध्ये दोन्ही.

क्लायंटला उत्तरात वापरावं का, तर हो, पण एवढ्यासाठीच की मांजर त्यांनी आधी आणलं आहे. समोरच्याने सैल भाषा वापरली की आपणही थोडं सैल होऊ शकतो. ‘द कॅट स्टेज इन द बॅग अनटिल द फोर्टीन्थ’ असं लिहिलंस तर तिकडचा माणूस हसेल आणि तुला इंग्रजी नुसतं येतं असं नाही तर त्यात वावरता येतं, हे त्याला कळेल. ओळख नवी असेल किंवा ईमेल त्यांच्या वरच्या साहेबांना जाणार असेल, तर ‘वी विल कीप द नेम कॉन्फिडेन्शियल’ हे साधं वाक्य लिही. आणि देव न करो, नाव खरोखरच आधी बाहेर गेलं, तर त्या अहवालात कोणताही प्राणी नको. कोणी, कोणाला, कधी, नेमकं काय सांगितलं, एवढंच. तुम्ही सही केलेल्या गोपनीयतेच्या करारात ‘डिस्क्लोज’ हा शब्द असेल. तोच शब्द वापर आणि मराठीत ‘उघड करणे’ लिही. तिथे कोणाची नोकरी शब्दावर तोललेली असते, हे मी पाहिलं आहे.

राहता राहिला तुझा ग्रुपवरचा निरोप. ‘झाकली मूठ’ लिहावं का, असं तू शेवटी विचारलंस. नको. सव्वा लाखाची मूठ झाकलेली असते कारण ती उघडली तर रिकामी निघेल, असा त्यात संशय आहे, आणि तुमचे साहेब पुन्हा फोन करतील. मैत्रीतला बेत असता तर मी ‘आळीमिळी गुपचिळी’ म्हटलं असतं. इथे मूळ वाक्याकडे परत जा आणि त्यातला सगळ्यात छोटा शब्द बघ. ‘लेट’. आपल्याकडे त्यासाठी ‘देणे’ आहे. येऊ देणे, जाऊ देणे, सुटू देणे. इंग्रजाने ‘सोडू नका’ म्हटलेलं नाही, ‘सुटू देऊ नका’ म्हटलं आहे. म्हणजे तुम्ही कोणी मुद्दाम सांगाल असा त्याला संशय नाही. फक्त जपा, एवढंच तो म्हणतो. त्याचं मराठी मी असं करेन: ‘नवं नाव १४ तारखेला जाहीर होणार आहे. तोवर ते आपल्या टीमबाहेर जाऊ देऊ नका. बोलता बोलताही निघू नये, याची काळजी घ्या.’ आज सकाळीच ग्रुपवर टाक, आणि खाली लिही की आधीच्या निरोपातला शब्द चुकला होता.